दर चार तासांनी

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही पिंजरेवाल्या बाईंच्या सांगण्यावरून, त्या पक्षी वाढवून विकतात. "वजन लिहायचं, वेळ लिहायची. मनात काय येतं तेही लिहा हवं तर, पण आधी वजन."

त्यांच्याकडून चार पिल्लं आली आहेत, कॉकाटीलची, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटांची. बुटांच्या खोक्यातून आली. पंधरा दिवसांची आहेत आणि खरं सांगायचं तर भयंकर दिसतात. अंगावर पिसांऐवजी काटे, त्यात पिवळी लव, मोठं डोकं, आणि हात जवळ नेला की सापासारखं फुसफुसणं. ओळखण्यासाठी पायावर रंगाचा ठिपका दिला. लाल ५८ ग्रॅम, हिरवं ५५, निळं ५६. चौथ्याला ठिपक्याची गरज नाही. ते ४१ आहे. त्याचं नाव बारकं.

आईबापांकडे वाढलेलं पिल्लू माणसाला चावतं. गिऱ्हाइकांना खांद्यावर बसणारं हवं असतं. म्हणून पंधराव्या दिवशी ती घरट्यातून काढायची आणि हाताने भरवून वाढवायची. बाई म्हणाल्या, आईबाप दोन दिवस हाका मारतात, मग पुन्हा अंड्यांवर बसतात.

"म्हणजे विसरतात?"

"मी विचारायला नाही गेले कधी."

भरवायचं ते असं. भुकटी कोमट पाण्यात कालवायची. थर्मामीटरवर चाळीस. त्याहून गार असलं तर पिल्लू तोंड लावत नाही आणि लावलंच तर आत अन्न आंबतं. फार गरम झालं तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते. सिरिंज चोचीच्या डाव्या बाजूने आत, उजवीकडे रोखून. घाई केली तर फुप्फुसात जातं आणि मग सगळं संपलंच. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. सहाव्या आठवड्यानंतर दोनदाच. आठव्यात बंद. बाईंनी तक्ता करून दिला आहे, तो फ्रिजवर लावला.

चष्म्याच्या दुकानात अठरा वर्षं काढल्याचा हा एक फायदा. तिळाएवढे स्क्रू बसवून हात स्थिर झालाय. दुकान बंद झाल्यापासून हे हात नुसते कपाटं आवरत होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लाल ६६, हिरवं ६२, निळं ६५, बारकं ४५.

घड्याळ वाजायच्या आधीच जाग येते. मग पडून राहवत नाही. खोक्यातल्या दिव्याची ऊब बघते, पुन्हा बघते. मास्तर, म्हणजे नवरा (गाडी चालवायला शिकवतो, म्हणून सगळी गल्लीच त्याला मास्तर म्हणते), म्हणाला, "नव्या गाडीवाल्याचं असंच असतं. रस्ता सोडून सारखा आरशात बघतो."

मी म्हटलं, आरशात बघणाऱ्याची गाडी निदान मागून तरी कोणी ठोकत नाही.

ताईला फोनवर पिल्लांचा आवाज ऐकवला. ती म्हणाली, "भांडी घासायचा आवाज आहे हा. पिल्लं कुठे आहेत?"

९ फेब्रुवारी, सोमवार

ताईचा फोन दोनला आला. अगदी दोनला. वाटी नुकतीच मायक्रोवेव्हमधून काढली होती.

"ऐक, आणि मधे बोलू नकोस," ती म्हणाली. "एक गाठ होती. काढली. टाकेही निघाले परवा."

"कधी? कसली गाठ?"

"मधे बोलू नकोस म्हटलं ना. गेल्या महिन्यात. डॉक्टरनं असं शिवलंय, की माझ्या पहिल्या वर्षाच्या मुली बऱ्या. मी असते तर उसवून पुन्हा घालायला लावले असते." ताईचा शिवणक्लास आहे. सगळी दुनिया ती टाक्यांवरून तोलते. "आता औषध चढवायचं आहे शिरेतून. सहा वेळा. दर एकवीस दिवसांनी. पहिलं पुढच्या सोमवारी."

मी म्हटलं, मी येते. ती म्हणाली, "कशाला? सलाईनची बाटली बघायला? तुझ्यामागे चार जीव आहेत. क्लासच्या मुली आहेत इथे. येऊ नकोस."

फोन ठेवला आणि भरवायला बसले. पहिलं बारकं, कारण ते सगळ्यात जोरात ओरडतं. दोन घोट गेले आणि त्याने मान झटकली. मग मी वाटीत बोट घातलं. वरचं कोमट होतं, तळाशी कढत. ढवळलं नव्हतं. थर्मामीटर टेबलावर, धुतलेला, कोरडा.

बाकी तिघांना गार करून दिलं. बारकं झोपलं आहे. काही झालं नसेल. दोनच घोट होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बारक्याच्या गळ्याखाली लाल डाग. नाण्याएवढा.

बाई आल्या. त्यांनी त्याला उताणं धरून उजेडात बघितलं. "भाजलंय. किती होतं?"

मी म्हटलं, "चाळीस."

त्यांनी पिल्लू माझ्या हातात परत ठेवलं. मलम दिलं. थोडं थोडं, दर तीन तासांनी द्यायला सांगितलं. खपली पडून खाली नवी कातडी आली तर जगेल. भोक पडलं तर खाल्लेलं सगळं बाहेर येईल, मग पक्ष्यांच्या डॉक्टरकडे.

चाळीस का म्हणाले मी? त्या मला रागावणार नव्हत्या. त्या रागावतच नाहीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बारकं ५२. बाकीची ऐंशीच्या घरात आहेत. खपली काळी झाली आहे.

आज ताईचं पहिलं औषध. दर तीन तासांनी भरवायचं असताना चार तासांचा बसचा प्रवास कसा करणार? सकाळी फोन करून तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे." आवाज छान होता. संध्याकाळी क्लासमधल्या मुलीने फोन उचलला. ताई झोपली आहे म्हणाली.

आईच्या वेळेलाही असंच झालं होतं. मी नऊ वर्षांची, ताई सतरा. ताईने माझी पिशवी भरली आणि मला मावशीकडे नेऊन सोडलं. "आईला जरा बरं नाहीये, तू इथे मजा कर." मी खरंच मजा केली. पोहायला शिकले. परत आले तेव्हा आईची खोली धुऊन पुसून रिकामी होती आणि ताई माझ्या केसातल्या जटा सोडवत बसली. नंतर कितीतरी दिवस मी जेवत नव्हते, तर तिने तिसरीतल्या मुलीला मांडीवर घेऊन घास भरवले. मला आईचं आजारपण अजिबात आठवत नाही. लोक म्हणतात, बरंच झालं की.

ताई स्वतःच म्हणाली ना, येऊ नकोस. तिला नाही आवडत कुणी बघितलेलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भोक पडलं. टाचणीच्या डोक्याएवढं. भरवलेलं तिथून झिरपलं, माझ्या मनगटावर आलं. कोमट.

मास्तरने शिकवणी रद्द केली आणि आम्ही डॉक्टरकडे गेलो. गाडीच्या दोन्ही बाजूंना शिकाऊचा फलक, मागच्या सीटवर मी, मांडीवर खोकं. मागचे लोक हॉर्न वाजवत नव्हते. त्यांना वाटलं कोणीतरी शिकतंय. डॉक्टरने आतल्या पिशवीला दोन टाके घातले, वरच्या कातडीला दोन. बोटं काय सुरेख चालत होती त्याची!

ताईला फोन केला. म्हटलं, तुझ्या डॉक्टरपेक्षा हा बरा. ती हसली. मग हसता हसता, "थांब हं," म्हणाली आणि फोन ठेवला. वीस मिनिटांनी तिनेच केला. "दूध उतू जात होतं."

ताई दूध घेत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लाल उडालं! खोक्याच्या कडेवर बसलं होतं, तिथून थेट पडद्यावर, आणि पडद्याला उलटं लटकून मदतीसाठी किंचाळायला लागलं. निळंही दुपारी उडालं. भिंतीवर आपटलं. हिरवं नुसतं पंख फडफडवून वारा घालतं.

पण वजनं घसरली आहेत. लाल ९१ वरून ८४. सिरिंज नेली की मान फिरवतं. बाईंना फोन केला. "उडायच्या वेळी हलकी होतातच. घाबरू नका. पिंजऱ्यात राळ्याचं कणीस टांगा आणि दाणे ठेवा खाली." टांगलं. कोणी ढुंकून बघत नाही.

बारक्याचे टाके निघाले. ६८ ग्रॅम. गळ्याखाली पिसं येणार नाहीत म्हणे, तेवढी जागा उघडी राहील.

८ मार्च, रविवार

सातवा आठवडा. तक्ता म्हणतो दोनदा. मी चार वेळा भरवते. बारक्याचं इतकं झाल्यावर धोका कशाला? आणि एकाला दिलं की बाकीची बघत बसतात, ते बघवत नाही.

लाल आणि निळं फार हट्टी झाली आहेत. चोच घट्ट मिटतात. अर्धं अन्न पिसांवर, अर्धं माझ्या बाहीवर. मग ओल्या कापसाने त्यांना पुसा. दिवस कुठे जातो कळत नाही. शिवाय पिंजऱ्याखाली इतका कचरा करतात! दाण्यांची फोलपटं घरभर उडतात, काल माझ्या चहात होती. दिवसातून तीनदा झाडते.

उद्या ताईचं दुसरं औषध. तिचे केस गेले. "डोक्याला बांधायला कापड मापलं, तर पाऊण मीटरही नको. इतकं लहान डोकं घेऊन मी आयुष्यभर शहाणपण करत होते!"

मी हसले. फोन ठेवल्यावर लगेच पिंजरा धुवायला घेतला. कालच धुतला होता.

१५ मार्च, रविवार

मास्तरशी वाजलं.

तो म्हणाला, "तू दोन दिवस जाऊन ये. मी भरवतो."

"तुला नाही जमणार."

"रोज सोळा माणसं माझ्या गाडीत बसून मला मारायचा प्रयत्न करतात. चार पिल्लं मला काय करणार आहेत?"

मग त्याने दुपारचं करून दाखवलं. थर्मामीटर दोनदा बघितला, ढवळलं, निळ्याला हातात धरून डाव्या बाजूने सिरिंज. अगदी बरोबर. निळ्याने नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं, तर त्याने जबरदस्ती केली नाही. "भूक नाहीये याला," म्हणाला आणि सिरिंज खाली ठेवली.

मी म्हटलं, बघितलंस, उपाशी ठेवलंस ना त्याला.

तो हात धुता धुता म्हणाला, "तुझा क्लच दाबलेलाच आहे गं. वरून ॲक्सिलरेटर दाबतेयस. आवाज खूप, गाडी जागच्या जागी."

त्याचे असले विनोद मला आवडत नाहीत. संध्याकाळी सहाला निळ्याला मी दुप्पट दिलं. त्याने ओकून टाकलं.

२१ मार्च, शनिवार

आज निघाले होते. हे खरंच लिहिते, निघाले होते. पिशवीत ताईसाठी मऊ सुती टोपी, दोन मासिकं, माझे कपडे. मास्तरने स्टँडवर सोडलं. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "माहेरी का?" मी म्हटलं, बहिणीकडे. "मग माहेरच की."

बस सुटली तेव्हा नऊ वाजून चाळीस. दहाला बारक्याचं भरवणं. मास्तर विसरणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी सारखी घड्याळात बघत होते. डोळे मिटले तर टोपीत ताईचं डोकं दिसलं, पण टोपीखाली चेहराच नव्हता. तिसऱ्या थांब्यावर उतरले. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमचं तिकीट शेवटपर्यंतचं आहे." मी म्हटलं, घरी गॅस चालू राहिलाय. आजींनी खिडकीतून माझी राहिलेली मासिकं दिली.

घरी पोचले तेव्हा मास्तर वर्तमानपत्र वाचत होता. चारही पिल्लं पिंजऱ्याच्या वर ओळीने बसली होती, एकमेकांची मान खाजवत. मला बघून कोणी ओरडलं नाही. मी अन्न कालवलं, चाळीस, आणलं. बारक्याने एक घोट घेतला, तोही माझ्याकडे बघून घेतल्यासारखा.

मास्तरने वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. चहा टाकला फक्त.

२६ मार्च, गुरुवार

पिंजरेवाल्या बाई पिल्लं न्यायला आल्या. मी म्हटलं, अजून तयार नाहीत, अजून मी भरवते.

"दहावा आठवडा लागला की आता. किती वेळा भरवता?"

"चार."

त्या पिंजऱ्यासमोर फतकल मारून बसल्या. चष्मा वर केला, खालचा कागद ओढून उजेडात धरला. मग चिमटीत थोडा कचरा घेऊन माझ्या तळहातावर ठेवला. "हे काय आहे?"

"फोलपटं. फार कचरा करतात."

"आणि आतला दाणा कुठे गेला?"

मी तळहाताकडे बघत राहिले. सगळी फोलपटं मधोमध चिरलेली. कोरलेली म्हणावीत इतकी नीट.

"दोन-तीन आठवडे तरी खातायत ही. कणीसही तीन वेळा बदललं असेल तुम्ही." बदललं होतं. मला वाटलं होतं, खेळतात.

"बारकंसुद्धा?"

"बारकंसुद्धा. तुम्ही सिरिंज आणता म्हणून तोंड उघडतं. पाहुण्यांनी आग्रह केला की आपण एक घास घेतो ना, तसं."

मग मी एकदम म्हटलं, "बाई, ते चाळीस नव्हतं. मी मोजलंच नव्हतं."

"माहीत आहे. चाळीसने कातडी भाजत नाही." त्यांनी कागद परत सरकवला. "माझ्या हातून पहिल्या वर्षी तीन गेली. मी कोणाला सांगितलं नाही. उद्या दिवसभर सिरिंज धुऊन कपाटात ठेवा. परवा वजन करा. शनिवारी नेते."

त्या गेल्यावर मी तीनदा झाडलेली जमीन पुन्हा झाडली.

२८ मार्च, शनिवार

काल दिवसभरात एकदाही भरवलं नाही. लाल ९३, हिरवं ९०, निळं ९२, बारकं ८१. एक ग्रॅमही कमी नाही. बारकं तर एकाने वाढलंय.

मला राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला. मी पडद्याआडून बघत होते. बारकं खाली उतरलं, एक दाणा उचलला, जिभेने फिरवला, टाकला फोलपट, दुसरा उचलला. माझ्या दिशेला पाठ.

बाईंनी तिघांना नेलं. बारक्याला नको म्हणाल्या. गळ्याशी उघडं आहे, गिऱ्हाईक घेणार नाही. ते मास्तरच्या खांद्यावर बसून त्याच्या शर्टाचं बटण सोलत होतं. तो म्हणाला, "राहू दे. याला लायसन काढून देतो."

दुपारी दोन वाजले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सहा वाजता पुन्हा. कोणालाच काही नको होतं.

ताईला फोन लावला. "मी उद्या येतेय. परवाच्या औषधाला तुझ्याबरोबर असेन."

"पिल्लं?"

"खातात. कधीचीच खातायत."

"अगं, पण कशाला? इथे मुली आहेत, सगळं व्यवस्थित..." मग ती थांबली. नेहमीचा विनोद येईल म्हणून मी वाट बघितली. आला नाही. म्हणाली, "मी फार वेगळी दिसते गं. तुला नाही बघवणार."

"मी नऊ वर्षांची नाहीये, ताई."

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज. कोणीतरी मुलगी लांब शिवण घालत होती. मग ताई म्हणाली, "सकाळची बस घे. दुपारची फार गरम होते."

३० मार्च, सोमवार

ताईचं घर. औषध झालं. काल आणि आज मिळून लिहिते.

काल तिने दार उघडलं तेव्हा डोक्याला काही बांधलेलं नव्हतं. मुद्दामच, हे मला लगेच कळलं. भुवयासुद्धा नाहीत. मी दारात उभी. ती म्हणाली, "बघ आता एकदाच पोटभर, म्हणजे मग चोरून बघायला नको." मी बघितलं. कानामागे एक जुना व्रण आहे तिला, मला माहीतच नव्हता. तिच्या चेहऱ्यात आई होती. आईचा चेहरा मला आठवत नाही असं मी इतकी वर्षं सांगत आले.

"चपला काढ," ती म्हणाली. "रडायचं असेल तर आत येऊन रड. समोरची बाई गॅलरीत आहे."

आज दवाखान्यात साडेचार तास. एक मोठी खोली, अकरा खुर्च्या, प्रत्येकाच्या उशाशी थेंब थेंब बाटली. मला तिथे काहीच काम नव्हतं. पाणी नर्सने दिलं, पांघरूण नर्सने घातलं. मी दोनदा उठले, तर ताई म्हणाली, "तुझ्या बुडाखाली सुई आहे का?" पलीकडच्या खुर्चीतले गृहस्थ हसले.

१ एप्रिल, बुधवार

आज वाईट दिवस होता. तिने मला आधीच सांगितलं होतं की तिसरा दिवस वाईट असतो. पहिल्यांदाच काहीतरी आधी सांगितलं. सकाळपासून चार वेळा उलटी झाली. पहिल्या वेळेला तिने न्हाणीघराचं दार आतून लावलं. दुसऱ्या वेळेला नाही लावलं. मी तिची पाठ धरून बसले. पाठीचे मणके हाताला लागत होते, एक एक.

दुपारी पातळ भाताची पेज केली. मीठ बघितलं, गरम किती ते मनगटावर थेंब टाकून बघितलं. चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिने मनगटाला धरून चमचा काढून घेतला.

"मी खाते. तू बस."

"हात थरथरतोय तुझा."

"थरथरू दे. सांडेल थोडी. बस."

बसले. तिला सहा चमचे खायला अर्धा तास लागला. दोन सांडले. मी पुसायला उठणार होते, उठले नाही. माझ्या हातांना काय करू ते कळेना, मांडीवर ठेवले, मग मांड्यांखाली दाबले.

क्लासच्या मुली गेल्यावर घर शांत झालं. ती खिडकीशी आडवी, मी खाली जमिनीवर, पाठ तिच्या पलंगाला लावून. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, मी विचारलं, "ताई, आईच्या वेळेला तुला भीती वाटत होती?"

"तेव्हा वेळच नव्हता गं."

"आणि आता?"

तिने कूस बदलली. मग माझ्या डोक्यावर हात आला. हलका, कोरडा. केसात बोटं घातली तिने आणि तशीच ठेवली.

"आता वाटते," ती म्हणाली. "खूप वाटते."

तिच्या तोंडून हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाहेर अंधारून येत होतं. मी दिवा लावायला उठू लागले तर ती म्हणाली, "नको. असंच बसू."

बसलो.